प्रतिसाद: ३-४ मिलिमीटरने काय होतं?
वर एकांनी विचारलंय, समुद्र वर्षाला ३-४ मिलिमीटर चढतो, त्यात काय एवढं? अहो, नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून तर सिडकोने (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) डच धर्तीवर धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे तलाव, बांधले. त्यांच्या झडपा ओहोटीला उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. समुद्र चढला की उघडं राहायचा वेळ घटतो. त्यात धो धो पाऊस आला तर पाणी जाणार कुठे?

बेलापूरला एका झडपेत प्लास्टिकची गोणी अडकलेली पाहिली. खाडीचं पाणी उलटं आत, सोबत दोन निवट्याही (चिखलात राहणारे छोटे मासे)! (पोरं खूश.)

आणि समुद्र चढला तर खाडीकाठची खारफुटी आपली मागे, जमिनीकडे सरकेल असं कुणी म्हणेल, पण तिच्या मागे तर पामबीच रोड आहे, सरकणार कुठे?