सोसायटी ग्रुप: बस, रस्ता की पाइप

सेक्रेटरी (बी-१०४): नमस्कार मंडळी 🙏 सोमवारी ११ वाजता नगरपरिषदेची बजेटची सभा आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेविका ताईंनी अजेंडा पाठवलाय पण ती पीडीएफ कुणी उघडणार नाही हे मला माहितीये म्हणून इथेच सांगतो. आपल्या कामाचे तीन विषय. एक, स्टँड-स्टेशन-कॉलेज अशी मिनीबस सुरू करायची, कंत्राटदाराला किलोमीटरमागे जो तोटा येईल तो नगरपरिषद भरणार. दोन, स्टेशन रोड काँक्रीट. तीन, त्याच रोडखालची पाण्याची मेन लाइन बदलणे. ताई म्हणाल्या तिन्हीला पैसे पुरत नाहीत, तुमच्या सोसायटीचं काय म्हणणं आहे ते रविवारपर्यंत द्या.

बी-२०३: म्हणणं काय असणार. आज सकाळचं पाणी बघितलं का कुणी? पावणेसहाला आलं, पहिल्या दोन बादल्या चहाच्या रंगाच्या, तिसरी जरा बरी म्हणून ठेवली तर दहा मिनिटांनी तळाला बोटभर गाळ आणि वास असा की नाक धरून ओतली. बस कसली घेऊन बसलात, आधी पाणी द्या म्हणावं

बी-३०२: +१

ए-१०२ काका: +१. ती लाइन एसी पाइपची आहे, आज ना उद्या बदलावीच लागणार.

सी-३०१ वहिनी: एसी पाइप? मग पाणी गार तरी यायला पाहिजे की काका 😂

ए-१०२ काका: अगं ॲस्बेस्टॉस सिमेंटची. आमच्या नोकरीच्या सुरुवातीला सगळीकडे हीच टाकायचे, स्वस्त आणि गंजत नाही म्हणून. तेव्हा राज्याचं पाणीपुरवठ्याचं जीवन प्राधिकरण नव्हतं, नुसतं बोर्ड म्हणायचे, नाव बदललं १९९७ ला. पाइप तशी वाईट नाही पण ठिसूळ. वरून डंपर गेला की तडकते, आणि जोडावर जे रबरी रिंग असतं ते इतक्या वर्षांत सुकून गेलेलं असतं.

बी-२०३: मग झालं तर. लिहून द्या, बस रद्द करा आणि ते पैसे पाइपला घाला. विषय संपला

सी-३०१ वहिनी: असा कसा संपला. तुमच्याकडे दोन गाड्या आहेत दादा. आपल्या तीन घरी कामाला येणाऱ्या मावशी रेल्वे फाटकापलीकडून चालत येतात, पाऊस असला की शेअर रिक्षा, जाता-येता चाळीस रुपये, म्हणजे आपण एका घराचं जे देतो त्यातलं किती रिक्षातच जातं ते हिशेब करून बघा. आणि माझी मुलगी कॉलेजला जाते ती सहा आसनीत, ड्रायव्हरशेजारी अर्धी लटकून. पाणी उकळून तरी पिता येतं

बी-३०२: वहिनी केंद्राची ई-बस स्कीम आहे ना, दहा हजार बस वगैरे? त्यातून मागायची. फुकटात काम

सेक्रेटरी (बी-१०४): ते ताईंना विचारलं मी. ती ऑगस्ट २०२३ ची योजना, २०११ च्या जनगणनेत ३ लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी मुख्यतः. आपण लाखाच्याही आत. आपल्याला बस पाहिजे तर आपल्याच खिशातून.

ए-४०१ आजोबा: एक शंका. माझ्या ७५ वर्षांवरील पासावर एसटी फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. या मिनीबसमध्ये तो चालेल काय?

सी-३०१ वहिनी: आणि बायकांचं अर्ध तिकीट?

सेक्रेटरी (बी-१०४): आजोबा, दोन्ही सवलती एसटीच्या. महिलांची १७ मार्च २०२३ पासूनची आहे तीही एसटीचीच. नगरपरिषदेच्या बसला आपोआप लागत नाहीत. द्यायच्या ठरवल्या तर तेवढा तोटा वाढणार आणि तो परत नगरपरिषदेवरच.

सी-३०१ वहिनी: हे कुणी बोलत कसं नाही मग? सोमवारी पहिला प्रश्न हा विचारा. अर्ध तिकीट नसेल तर मावशी बसमध्ये चढणारच नाहीत, रिकामी बस फिरेल आणि सहा महिन्यांनी म्हणतील लोकांनाच नको होती

बी-२०३: म्हणूनच म्हणतोय बस नको, पाइप करा. पैसे एकच आहेत

ए-४०१ आजोबा: पैसे एकच नाहीत. मी एकतीस वर्षे लोकल फंड ऑडिटला होतो, थोडे सविस्तर लिहितो, टायपिंग हळू आहे, मध्ये कोणी गुड मॉर्निंग टाकू नये.

ए-४०१ आजोबा: नगरपरिषदेला केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगातून जे अनुदान येते त्यातील ६० टक्के बंधित असते. त्याचा अर्धा भाग स्वच्छतेसाठी व अर्धा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे यासाठी. तो पैसा बसला लावताच येत नाही, लावला तर आमच्यासारखा कोणीतरी पुढे आक्षेप काढतो. उरलेले ४० टक्के अबंधित, ते पगार व आस्थापना सोडून स्थानिक गरजेला वापरता येते. बसचा तोटा भरायचा तर तो यातून किंवा स्वनिधीतून, म्हणजे आपली घरपट्टी. सबब बस रद्द केली तर पाइप होईल हे गणित कागदावर जुळत नाही. शिवाय या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच, पाण्याचा जो बंधित निधी पडून आहे त्याचे काय करणार हे आधी विचारावे.

बी-२०३: म्हणजे पाण्याचे पैसे आहेत??

ए-४०१ आजोबा: किती शिल्लक ते मला माहीत नाही. विचारावे असे म्हणतो. लेखी विचारावे.

बी-३०२: आजोबा रॉक्स 🔥

ए-१०२ काका: आजोबा बरोबर बोलतायत. आणि केंद्राची अमृत २.० आहे, ऑक्टोबर २०२१ ची, तिच्यात लाखाच्या आतल्या गावाला पाण्याच्या कामाचा निम्मा पैसा केंद्र देतं, बाकी राज्य आणि नगरपरिषद. तिचीही मूळ मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. खरी भानगड बस नाहीच मंडळी, खरी भानगड विषय नंबर दोन. काँक्रीट रस्ता.

सी-३०१ वहिनी: रस्ता तर पाहिजेच की. स्टेशन रोडला कंबर मोडते

ए-१०२ काका: पाहिजे. पण अजेंड्यावरचा क्रम बघा, रस्ता दोन नंबरला आणि पाइप तीनला. रस्त्याचा निधी राज्याकडून वेगळा आलाय, त्याची वर्क ऑर्डर मार्चच्या आत काढायची घाई आहे, नाहीतर निधी परत जाईल म्हणतात. म्हणजे मेमध्ये काँक्रीट पडणार आणि पाइपचं टेंडर निघेल तेव्हा निघेल. एकदा काँक्रीट झालं की खालची एसी लाइन वीस वर्षं कुणी बदलणार नाही, आणि फुटली की ब्रेकर लावून तेच काँक्रीट फोडायचं. फोडलेल्या जागी जे ठिगळ लावतात ते पहिल्या पावसात खचतं. मी हे चार गावांत बघितलंय, पाचवं आपलं नको.

बी-२०३: डोकं आहे की नाही या लोकांना. इतकी वर्षं प्रशासक होता तेव्हा म्हणायचे नगरसेवक नाहीत म्हणून कामं होत नाहीत. डिसेंबर २०२५ ला निवडणूक झाली, नगरसेवक आले तरी क्रम उलटाच

ए-१०२ काका: डोकं आहे म्हणूनच तर. रस्त्यावर मंडप घालून नारळ फोडता येतो. पाइपच्या उद्घाटनाला फोटोत काय येणार, माती आणि जेसीबी.

सी-२०२ डॉक्टर ताई: मध्ये बोलते, ओपीडीतून टाइप करतेय. या आठवड्यात बी विंगमधली दोन मुलं उलट्या-जुलाबाने माझ्याकडे येऊन गेली. घाबरायचं नाही पण पाणी उकळून प्या, चांगली उकळी फुटून मिनिटभर तशीच राहू दे, नुसतं कोमट नाही. कावीळ पण अशाच पाण्यातून येते, हेपेटायटिस ए आणि ई दोन्ही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे (गिलियन-बारे, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट गेलं होतं. फॉरवर्ड पाठवू नका प्लीज, काही विचारायचं तर फोन करा.

चेअरमन (ए-२०१): सर्व सभासदांनी डॉक्टर ताईंच्या सूचनेचे पालन करावे.

बी-३०२: काका एक प्रॉपर टेक्निकल प्रश्न. पाइपमधून पाणी बाहेर येतं ना, मग गटाराचं पाणी आत कसं जाईल? प्रेशर आतून असतं

ए-१०२ काका: पाणी चालू असतं तेव्हा आतून. आपल्याकडे दोन तास पाणी आणि बावीस तास लाइन रिकामी. व्हॉल्व्हमन चावी फिरवून व्हॉल्व्ह बंद करतो, उरलेलं पाणी उताराला वाहून जातं आणि लाइन आत हवा ओढते. जिथे जोड गळका असतो तिथून हवेबरोबर आजूबाजूचं जे असेल ते ओढलं जातं. गटार असेल तर गटार. सकाळी पहिल्या दोन बादल्यांत तेच येतं. म्हणून २४ तास पाणी म्हणजे चैन नाही, लाइन सतत भरलेली राहिली तर बाहेरचं आत येत नाही. कराडजवळच्या मलकापूरने हे करून दाखवलंय, एचडीपीई म्हणजे प्लास्टिकची पाइप, प्रत्येक घराला मीटर, जास्त वापरलं तर दर जास्त. पंतप्रधानांच्या हस्ते बक्षीस मिळालं त्याला.

बी-२०३: मीटर नको हां. आत्ताची ठोक पाणीपट्टी बरी आहे

सी-३०१ वहिनी: बघा. पाणी पाहिजे, मीटर नको, बस नको, रस्ता पाहिजे 😂

बी-२०३: वहिनी तुम्ही माझ्या मागेच लागलाय आज

ए-१०२ काका: भांडू नका. मी जरा खाली जाऊन येतो, एक शंका आहे.

सेक्रेटरी (बी-१०४): तोवर मी पत्राचा मसुदा करतो. मुद्दे: एक, पाइप आधी, काँक्रीट नंतर. दोन, बंधित निधी किती शिल्लक. तीन, बसमध्ये महिला आणि ज्येष्ठांना सवलत मिळणार का. बरोबर?

ए-४०१ आजोबा: "विनंती" हा शब्द एकदाच वापरावा. पोच घ्यावी.

ए-१०२ काका: 📷 फोटो

ए-१०२ काका: 📷 फोटो

ए-१०२ काका: गेटबाहेरच्या गटारात वाकून काढलेत, कंबर गेली माझी. नीट बघा. मेन लाइनवर फेरूल, म्हणजे कनेक्शनचा जोड, मारलेलं आहे, तिथून गेटपर्यंत जी जीआय (लोखंडी) पाइप येते ती आपली. नगरपरिषदेची नाही, सोसायटीची. ती गटाराच्या पाण्यातून आडवी आलीय, कमीत कमी चार फूट लांबी बुडलेली, आणि दुसऱ्या फोटोत जो काळा पट्टा दिसतो तो रबर. सायकलच्या ट्यूबची पट्टी तारेने बांधलीय. कुणी बांधली?

चेअरमन (ए-२०१): मागच्या कमिटीच्या काळातील असावी.

सेक्रेटरी (बी-१०४): मागच्या कमिटीत पण तुम्हीच होता सर

ए-१०२ काका: आणि पुढचं ऐका. पाणी आलं की आपण काय करतो? दीड एचपीची मोटर थेट लाइनवर लावून सम्पमध्ये, खालच्या टाकीत ओढतो. म्हणजे जिथे आतून थोडंफार प्रेशर होतं तिथेही आपणच उलटं ओढतो. ट्यूबच्या पट्टीखालून गटार सरळ आपल्या सम्पमध्ये. बी-२०३ दादांच्या बादलीतला गाळ मेन लाइनचा किती आणि आपल्या चार फुटांचा किती, हे मी सांगू शकत नाही. पलीकडच्या बंगल्यात आत्ता विचारून आलो, त्यांच्याकडे पाणी गढूळ येतं पण वास नाही.

सी-२०२ डॉक्टर ताई: 😳 मोटर आज संध्याकाळपासून बंद करा. सिरियसली.

बी-२०३: मोटर बंद केली तर पाणी वर चढणार कसं? चौथ्या मजल्यावर कोण नेणार

ए-१०२ काका: वर चढवायची मोटर वेगळी, ती सम्पवरून टाकीत जाते, ती राहू दे. लाइनवरची काढायची. पाणी आपसूक सम्पमध्ये जेवढं पडेल तेवढं पडेल. सम्प जमिनीखाली आहे, पडेल. फक्त मोटरीइतकं भरणार नाही.

बी-३०२: ३६ फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर ते सरकारी प्रमाण धरलं तर २४,३०० लिटर लागतात दिवसाला. कमी पडलं तर दहा हजारी टँकर बोलवायचा. दोन दिवस जमेल, रोज नाही जमणार

सी-३०१ वहिनी: ५ माणसं कुणाकडे आहेत आता, निम्मे फ्लॅट तर दोघा-दोघांचे. गाड्या धुणं बंद केलं तरी भागेल

ए-१०२ काका: जीआय काढून एमडीपीईची निळी प्लास्टिक पाइप टाकायची, गटाराच्या वरून किंवा पूर्ण खालून आणि बाहेरून मोठा स्लीव्ह पाइप. प्लंबरचं एक दिवसाचं काम. फेरूलला हात लावायला नगरपरिषदेची परवानगी लागते, तो अर्ज पत्रासोबतच द्या. झाल्यावर क्लोरीनची ओटी टेस्ट मी करतो, घरी बाटली आहे. पाण्यात थेंब टाकला की पिवळं झालं पाहिजे, नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन हवं. काल केली होती, पाणी पांढरंच राहिलं. म्हणूनच खाली बघायला गेलो.

बी-२०३: काल केली आणि आज सांगताय?

ए-१०२ काका: तुम्ही बस रद्द करण्यात बिझी होता.

सी-३०१ वहिनी: 😂😂😂

सेक्रेटरी (बी-१०४): ठीक. पत्राची सुधारित प्रत टाकतो. चौथा मुद्दा घातलाय, पाइप टाकताना प्रत्येक घराचं कनेक्शन गटारातून न नेता बदलून द्यावं, आणि काँक्रीटच्या आधी दर काही फुटांवर आडवे रिकामे पाइप टाकून ठेवावेत म्हणजे पुढे कुणाला कनेक्शन घ्यायचं तर रस्ता फोडायला नको. काका अजून काही?

ए-१०२ काका: प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय चरात माती टाकायची नाही. हे ठळक करा. माती पडली की सगळ्यांचे जोड चांगले असतात.

ए-४०१ आजोबा: सभेला प्रेक्षक म्हणून बसता येते. मी येतो. रिक्षाचे कोण बघणार?

बी-२०३: मी नेतो आजोबा गाडीने. साडेदहाला खाली या. वहिनी तुम्ही पण चला, तुमचा बसचा प्रश्न तुम्हीच विचारा, मी विचारला तर कुणी खरं मानणार नाही

सी-३०१ वहिनी: येते. मावशींना पण घेऊ का? त्या जास्त चांगलं बोलतील

बी-२०३: घ्या की. गाडीत जागा आहे

चेअरमन (ए-२०१): पाइपच्या खर्चासाठी प्रत्येक फ्लॅटने वर्गणी द्यावी असे सुचवतो.

बी-३०२: सिंकिंग फंड आहे ना सर

चेअरमन (ए-२०१): त्यावर एजीएममध्ये चर्चा करू.

सी-२०२ डॉक्टर ताई: एजीएम सप्टेंबरमध्ये असते!!

सेक्रेटरी (बी-१०४): प्लंबरला फोन लावलाय. उद्या सकाळी आठला येतो म्हणाला, म्हणजे अकराला. पैसे आत्ता मी देतो, नंतर बघू.

सी-३०१ वहिनी: आलं वाटतं पाणी. खालून आवाज येतोय

ए-१०२ काका: मोटर कुणी लावली?

ए-१०२ काका: मोटर कुणी लावली रे??