'जॉइन' आणि 'जॉइन इन' एकच नव्हे

'जॉइन इन' म्हणजे नुसतं 'जॉइन'च, 'इन' आपलं शोभेला, असं काहीजण म्हणतात. नाही हो. ढोलताशा पथकाचं घ्या. नाव नोंदवलंत, नदीपात्रात सरावाला जायला लागलात, की तुम्ही पथक 'जॉइन' केलंत. पण विसर्जनाला लक्ष्मी रोडवर कडेला उभं राहून बघता बघता राहवलं नाही आणि पुढच्या घोळक्यात घुसून नाचायला लागलात, तर ते 'जॉइन इन'. आधीच रंगात आलेल्या गोष्टीत आपणही भाग घेणं. सभासदत्वाशी त्याचा काही संबंध नाही. म्हणूनच 'आय जॉइन्ड इन अ कंपनी' खटकतं. तिथे 'जॉइन्ड अ कंपनी' पुरे. आपण 'कंपनीत' म्हणतो ना, त्यातला तो 'त' इंग्रजीतही सोबत नेतो. हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत हवं तितकं ऐकायला मिळेल. माणसांबरोबर म्हणायचं तर पुढे 'विथ' लागतं: 'शी जॉइन्ड इन विथ द सिंगर्स'.

'जॉइन अप'चा मामला निराळा. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ सैन्यात भरती होणं. आणि त्यांचं 'जॉइन्ड-अप रायटिंग' म्हणजे आपल्याकडे शाळेत घोटून घेतात ते कर्सिव्ह.