ओढ्याच्या पाण्यातील जिवाणूंची तपासणी : कोणते मानक लावावे आणि नमुने कसे घ्यावेत? (सल्ला हवा)

घोडबंदरवासी

नमस्कार. येऊरच्या डोंगरातून उतरणारा आणि घोडबंदर रस्त्याखालून खाडीकडे जाणारा एक ओढा आमच्या वसाहतीच्या कुंपणालगत वाहतो. पावसाळ्यात वरच्या पाड्यांतली आणि आमच्या इमारतींतलीही मुले त्यात डुंबतात. गणपतीनंतर पाणी ओसरते आणि वास येऊ लागतो. आम्ही काही रहिवाशांनी ऑगस्टमध्ये एका खासगी प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घेतला. अहवालात 'टोटल कॉलिफॉर्म १६०० पेक्षा अधिक, ई. कोलाय आढळला' एवढेच लिहिले असून खाली 'आयएस १०५०० नुसार पिण्यास अयोग्य' असा शेरा मारला आहे. हे पाणी पिण्याचा कोणाचाच विचार नव्हता. महापालिकेला निवेदन द्यायचे आहे आणि त्यासाठी टिकेल असा पुरावा हवा आहे. नेमक्या कोणत्या चाचण्या मागाव्यात, नमुने किती व केव्हा घ्यावेत, आणि आकड्यांची तुलना कोणत्या मर्यादेशी करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

सूक्ष्मदर्शी

मी पाण्याच्या सूक्ष्मजीव तपासणीचे काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. कॉलिफॉर्म हा जिवाणूंचा मोठा गट आहे; त्यातला मुख्यतः विष्ठेतून येणारा भाग म्हणजे विष्ठाजन्य कॉलिफॉर्म, आणि ई. कोलाय हा त्यातलाच एक जिवाणू. आपल्या अहवालातला शेरा खोटा नाही. तो आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नाही. आयएस १०५०० : २०१२ हे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे आणि त्यानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. या कसोटीवर सह्याद्रीतला निर्मळ दिसणारा झराही बहुधा नापासच होईल, कारण रानातली जनावरेही त्याच वाटेने फिरतात. मुले ज्या पाण्यात उतरतात त्या पाण्याला आंघोळीच्या पाण्याचा निकष लावायचा असतो. पर्यावरण (संरक्षण) नियमांखाली २००० मध्ये अधिसूचित झालेल्या निकषांनुसार विष्ठाजन्य कॉलिफॉर्मची इष्ट मर्यादा १०० मिलिलिटरमागे ५०० एमपीएन (सर्वाधिक संभाव्य संख्या, म्हणजे जिवाणूंचा अंदाजित आकडा) आणि कमाल अनुज्ञेय मर्यादा २५०० आहे. विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकाय या विष्ठेतल्या दुसऱ्या जिवाणूगटासाठी हेच आकडे १०० आणि ५०० असे आहेत. सोबत सामू (पीएच) ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वापरानुसार वर्गवारीतला 'ब' वर्ग हाही आंघोळीचाच आहे, पण तिथे ५०० ही मर्यादा टोटल कॉलिफॉर्मची आहे. निवेदनात हे दोन ५०० एकमेकांत मिसळू देऊ नका. समोरचा अधिकारी जाणकार असला तर पहिले बोट तिथेच ठेवील.

आता '१६०० पेक्षा अधिक' याबद्दल. बहुनलिका पद्धतीत नमुन्याचे १०, १ आणि ०.१ मिलिलिटर असे भाग प्रत्येकी पाच नळ्यांत घालतात. पंधराच्या पंधरा नळ्यांत वायू धरला, म्हणजे सगळ्यांत जिवाणू वाढले, तर तक्ता '१६०० पेक्षा अधिक' याच्या पुढे जाऊ शकत नाही. खरा आकडा १८०० असेल किंवा अठरा लाख असेल, कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि आपली कमाल मर्यादा तर २५०० आहे. म्हणून नमुना देतानाच नोंद-अर्जावर 'ओढ्याचे पाणी, सांडपाण्याची शक्यता, ०.००१ मिलिलिटरपर्यंत विरलीकरण करावे' असे लिहून द्या, म्हणजे नमुना पातळ करत नेऊन खरा आकडा मोजता येईल. नळ्यांऐवजी छोटे कप्पे असलेल्या ट्रेची नवी पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळेकडे गेलात तरी सावध राहा, कारण मोठ्या ट्रेमध्ये विरलीकरणाशिवाय सर्वाधिक आकडा २४१९.६ येतो, म्हणजे अगदी २५०० च्या उंबरठ्यावर येऊन थांबतो.

खारघरकर

आम्ही खारघरच्या पांडवकडा धबधब्याकडून येणाऱ्या पाण्याच्या बाबतीत असा खटाटोप केला आहे. नमुना घेण्याच्या रीतीवरच निम्मा निकाल ठरतो, असे माझे मत झाले आहे. बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली आणावी आणि ती ओढ्याच्या पाण्याने विसळू नये. आपण येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे, बाटली बुडाशी धरून पृष्ठभागाखाली वीतभर बुडवावी, तिचे तोंड येणाऱ्या पाण्याकडे असावे आणि वर थोडी हवा राहू द्यावी. पायाने गाळ ढवळला गेला असेल तर पाणी निवळेपर्यंत थांबावे, कारण गाळात जिवाणू दीर्घकाळ टिकून राहतात आणि तोच गाळ बाटलीत आला की आकडा उगाच चढतो. बाटली लगेच बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांच्या आत पोहोचवावी. घोडबंदर रस्त्यावरची संध्याकाळ आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा सकाळचीच वेळ धरा. तसेही दुपारच्या उन्हात जिवाणू मरतात, त्यामुळे कधी सकाळी आणि कधी दुपारी घेतलेल्या नमुन्यांची तुलना करता येत नाही. शनिवारी नमुना नेऊ नका. नळ्या २४ आणि ४८ तासांनी पाहाव्या लागतात आणि त्यानंतर खात्रीची चाचणी असते, म्हणून बऱ्याच ठिकाणी तो घेतच नाहीत. ओढ्याचा वरचा भाग राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येत असेल, तर तिथे जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी.

रानवाट

एवढा खर्च कशासाठी? पाणी दूषित असले की काळी पडणारी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची कुपी स्वस्तात मिळते. शिवाय विष्ठाजन्य कॉलिफॉर्म आणि स्ट्रेप्टोकोकाय यांचे गुणोत्तर चारपेक्षा जास्त आले, तर घाण माणसांची आहे, गुरांची नाही, हे सिद्ध होते असे वाचले आहे. पाड्यांवरच्या गोठ्यांकडे बोट दाखवले जाण्याआधी ते करून घ्यावे.

सूक्ष्मदर्शी

गोठ्यांबद्दलची आपली काळजी रास्त आहे, परंतु दोन्ही साधने इथे उपयोगाची नाहीत. कुपीची पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली ती पिण्याच्या पाण्यासाठी, आणि ती फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. वस्तीतून आलेल्या ओढ्यात ती हमखास काळीच पडणार. गुणोत्तराचा नियम जुना आहे आणि आता तो ग्राह्य धरत नाहीत, कारण पाण्यात पडल्यावर हे दोन्ही गट निरनिराळ्या वेगाने मरतात आणि वाटेत गुणोत्तर बदलत जाते. त्यापेक्षा जागा नीट निवडा : एक नमुना वस्तीच्या वर रानाच्या कडेला, दुसरा पाड्यांच्या व गोठ्यांच्या खाली, तिसरा इमारतींची गटारे ओढ्याला मिळतात त्याच्या लगेच खाली. आकडा कुठल्या दोन जागांच्या दरम्यान उडी मारतो, यावरून घाणीचा उगम तर्काने सापडतो. रानाकडचा नमुना टाळू नका. हवाईसारख्या उष्ण प्रदेशांत मातीतच ई. कोलाय टिकून राहतो व वाढतो असे आढळले आहे, त्यामुळे आपल्या ओढ्याची मूळ पातळी शून्य नसेल, आणि ती किती आहे हे माहीत असल्याशिवाय खालच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

चाचणी ई. कोलायचीच मागा, आणि तीही संख्येत. 'आढळला' या शब्दाचा निवेदनात काही उपयोग नाही. आपल्या अधिसूचनेत विष्ठाजन्य कॉलिफॉर्म आहे, म्हणून तोही घ्यावा लागेल. पण त्या गटात क्लेबसिएलासारखे वनस्पतींवर आढळणारे जिवाणूही मोजले जातात, हे ध्यानात असू द्या.

घोडबंदरवासी

आपणा सर्वांचे आभार. समजा पाच नमुन्यांचे आकडे १७०, २२०, ३५०, ५४० आणि ९२०० असे आले, तर ओढा मर्यादेत आहे म्हणायचे की नाही?

सूक्ष्मदर्शी

साधी सरासरी २०९६ येते आणि ती एकट्या ९२०० ने ओढून नेलेली आहे. जिवाणूंच्या आकड्यांसाठी भूमितीय मध्य (पाच आकडे असतील तर त्यांच्या गुणाकाराचे पाचवे मूळ) काढतात, तो इथे सुमारे ५८० येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये ई. कोलायसाठी १०० मिलिलिटरमागे १२६ चा भूमितीय मध्य सुचवला आणि त्याच्या जोडीला ४१० हा आकडा दहा टक्क्यांहून अधिक नमुन्यांनी ओलांडू नये अशी अटही ठेवली. मध्य एकटाच पाहिला तर वाईट दिवस झाकले जातात, म्हणून ही जोडी आहे. आपल्याकडे आयएस २२९६ : १९८२ मध्ये टोटल कॉलिफॉर्मसाठी अशाच धर्तीची सवलत आहे : २० टक्क्यांहून अधिक नमुने मर्यादेच्या वर नसावेत, आणि मर्यादेच्या चौपट ओलांडणारे ५ टक्क्यांहून अधिक नसावेत. पाच टक्के म्हणजे विसांत एक, तेव्हा पाच नमुन्यांवर ही कसोटी लावताच येत नाही. माझ्या मते ९२०० चा दिवस सरासरीत विरघळवू नये. त्याच्या आदल्या दिवशी किती पाऊस झाला होता ते शोधून काढा. मुसळधार सरीनंतर चोवीस तासांच्या आत घेतलेले नमुने आणि किमान दोन दिवसांच्या उघडिपीनंतरचे नमुने यांचे दोन वेगळे तक्ते करा. उघडिपीतही आकडा चढाच राहिला तर गटार थेट ओढ्यात सोडले आहे असा संशय बळावतो. फक्त पावसानंतर चढत असेल तर रस्ते, गोठे आणि तुंबलेल्या गटारांचे पाणी वाहून येत असावे. महापालिकेकडे करायची मागणी या दोन बाबतींत वेगवेगळी असेल.

खारघरकर

रस्त्याच्या पलीकडे खाडीकडच्या भागात नमुना घेणार असाल तर ओहोटीच्या वेळी घ्या आणि पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकताही मोजा. भरतीचे पाणी आत शिरले की ओढ्याचे पाणी पातळ होते आणि आकडा फसवा येतो. खाऱ्या पाण्यात ई. कोलाय लवकर मरतो. तिथे स्ट्रेप्टोकोकायचा आकडा अधिक भरवशाचा.

सूक्ष्मदर्शी

एक राहिले. कॉलिफॉर्म मर्यादेत आले तरी लेप्टोस्पायरोसिसबाबत निर्धास्त राहू नये. तो उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून पसरतो, आणि या चाचण्यांतून त्याचा अंदाज येत नाही. पायाला जखम असलेल्या मुलाला पावसाळ्यात ओढ्यात उतरू न देणे, हे अहवाल हाती येण्याची वाट न पाहता आजच करता येईल.