व्यापारी जहाजांचं काय?

दुसऱ्या महायुद्धात इटलीकडे विमानवाहू नौका नव्हत्या म्हणून भूमध्य समुद्र तिच्या हातचा गेला, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. 'अख्खी इटली हीच विमानवाहू नौका' असं इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीचं मत होतं हे खरं, आणि विमानं सगळी हवाईदलाकडे, नौदलाकडे नाहीत, त्यामुळे जुलै 1940 ला दक्षिण इटलीजवळ झालेल्या पुंता स्तिलोच्या लढाईत इटालियन विमानांनी चक्क आपल्याच जहाजांवर बॉम्ब टाकले. धन्य!

पण खरा घोळ त्याच्या आधीचाय. 10 जून 1940 ला युद्ध पुकारलं तेव्हा इटलीची जवळपास एक तृतीयांश व्यापारी जहाजं भूमध्य समुद्राच्या बाहेर होती, मुसोलिनी साहेबांनी ती परत यायची पण वाट बघितली नाही, फ्रान्स पडतोय तर लुटीत आपला वाटा मिळाला पाहिजे एवढीच घाई. या समुद्राची दोन्ही दारं, जिब्राल्टर आणि सुएझ, ब्रिटिशांच्या हातात, म्हणजे ती जहाजं एकतर जप्त झाली, बुडाली नाहीतर परक्या बंदरात अडकून पडली. आणि हाच माणूस फेब्रुवारी 1939 ला ग्रँड कौन्सिलपुढे (फॅसिस्टांची सर्वोच्च परिषद) सांगत होता की इटली या समुद्रात कैदी आहे, कोर्सिका, ट्युनिशिया, माल्टा, सायप्रस हे गज आणि जिब्राल्टर-सुएझ पहारेकरी! म्हणजे नकाशा पाठ होता, हिशोब तेवढा केला नाही. लिबिया या इटलीच्या वसाहतीतल्या फौजेला रणगाडे, पेट्रोल, अगदी खाणंसुद्धा समुद्रातूनच जाणार होतं, ते लित्तोरियोसारख्या युद्धनौकांवर लादून नेणार होते का? आणि वाटेतलं ब्रिटिशांचं बेट माल्टा तेव्हा बऱ्यापैकी उघडं पडलेलं असताना तिथे सैन्य उतरवायचा प्रयत्नही नाही.