भूतदया चार पायांवरच थांबते का?

घोडबंदरकर:
रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, गेटवरची पाच कुत्री. दीड तास जुंपली होती. सेक्रेटरींच्या तोंडी ‘उपद्रव’, खायला घालणाऱ्या ताईंच्या तोंडी ‘माझी बाळं’. ‘मुका जीव’ किती वेळा आला ते मोजायचं मी सोडून दिलं. तेवढ्यात समोरच्या चिकनच्या दुकानाशी मोटरसायकल थांबली. दोन्ही बाजूंना पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या, एकीचं डोकं पार सायलेन्सरला लागलेलं. गाडीवाला ओरडला, "शेठ, माल आलाय!" आमच्यातल्या एकानेही मान वळवली नाही. मी वळवली, पण संध्याकाळी तिथूनच अर्धा किलो आणलं. आपली भूतदया ओळखीपाळखीवर चालते का?

तिखटमीठ (ऐरोली):
झालं सुरू! कुत्र्याचं बोललं की कोंबडी काढायची, कोंबडीचं बोललं की मासे. म्हणजे कुणासाठीच काही करायला नको. मी रोज रात्री अकरा कुत्र्यांना घालते. दहांच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली. अकरावी हाती लागत नाही, लबाड आहे. गाडी बोलावणं, ऑपरेशननंतर त्याच जागी सोडलं का ते बघणं, सगळं मीच करते. आणि २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटलंय, उपद्रव नाही.

रातपाळी (कळवा):
सामुदायिक ना? मग मला पोटरीला चावलं तेव्हा समुदाय कुठे होता? रात्री दीडला कामावरून येत होतो. इंजेक्शनसाठी चार खेपा, चार खाडे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, हे माहीत असताना ते दिवस कसे गेले ते मला विचारा. त्याच नियमांत लिहिलंय, खाण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि ये-जा करायच्या दारापासून लांब हवी. दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ला सुप्रीम कोर्टानेही ठरवून दिलेल्या जागीच घाला म्हटलं. ताई मात्र गेटवरच!

तिखटमीठ:
गेटवर घालणं चूकच, वादच नाही. पण जागा सोसायटीने ठरवून द्यायची असते. आमचा अर्ज वर्षभर फायलीत झोपलाय. पाय कसा आहे आता?

रातपाळी:
बरा आहे. रस्ता बदललाय. वीस मिनिटं जास्त लागतात.

तांबडारस्सा (दिवा):
माझं चिकनचंच दुकान आहे, म्हणून बोलतो. उलटी धरली की कोंबडी फडफडत नाही, एका फेरीत जास्त येतात, म्हणून टांगतात. खुराड्यातून आणायची तर टेम्पो लागतो, किलोमागे दर चढतो. १९६०चा प्राणी क्रूरता कायदा मलाही ठाऊक आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. कोण भिणार?

घोडबंदरकर:
गप्प पडते म्हणजे तिला बरं वाटतं असं नाही हो.

तांबडारस्सा:
मी कुठे म्हटलं तसं? किलोला २० रुपये जास्त द्याल का सांगा. गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी शेजारच्या दुकानात जातं.

घोडबंदरकर:
देईन.

तांबडारस्सा:
लिहून ठेवतो. सध्या तुम्ही एकटेच.