तीन नेम चुकले तरी गोल्ड? अन्फिसा रेझत्सोवाबद्दल विचारायचं होतं

हिमवेडा_नाशिक: लोकहो, दोन हिवाळे झाले बायथलॉनचा (बर्फावर स्कीने पळायचं आणि मधे थांबून रायफलने नेम मारायचा, तो खेळ) नाद लागलाय, जुन्या रेसेसचे निकाल पण शोधून वाचतो. 1992 चं अल्बर्टव्हिल ऑलिंपिक, बायकांची 7.5 किमी स्प्रिंट, रेझत्सोवा पहिली आली पण तिचे नेम 3 चुकलेत, आणि दुसरी आलेली जर्मनीची आन्त्ये मिसेर्स्की, तिचे 2च. हे कसं काय? आणि हिचं नाव लोक अजून इतकं का काढतात?

पांढरी_वाट: स्प्रिंटमधे दहा गोळ्या, पाच पडून पाच उभ्याने, एक चुकली की 150 मीटरची एक जास्तीची फेरी. म्हणजे हिला मिसेर्स्कीपेक्षा एक फेरी जास्त पडली, पंचवीसेक सेकंद तिथेच गेले, ते तिने पळून भरून काढले! मुळात ती क्रॉस-कंट्रीवाली, म्हणजे नेमबाजी नाही, नुसतं स्कीवर लांब पळायचं, 1988 ला कॅलगरीत रिलेचं गोल्ड आणि 20 किमीत सिल्व्हर घेतलेली, मग मुलगी झाली, आणि त्यानंतर हिने रायफल उचलली. बायकांचं बायथलॉन ऑलिंपिकमधे आलंच 1992 ला, ती स्प्रिंट ही त्यातली पहिलीच रेस, म्हणजे या खेळातली बायकांमधली पहिली ऑलिंपिक चॅम्पियन हीच. दोन्ही खेळांत ऑलिंपिक गोल्ड घेणारी पहिली बाई पण हीच.

म्युनिकची_मीरा: टीव्हीवर कळत नाही हो किती अवघड आहे ते. मी इथे जर्मनीत रुपोल्डिंगला वर्ल्ड कप बघायला गेले होते, रेंजच्या अगदी समोर जागा मिळाली. 50 मीटरवर निशाण, झोपून मारायचं ते लिंबाएवढं, उभ्याने मारायचं ते आमटीच्या वाटीएवढं, आणि बाई येते ती धापा टाकत, पाठीवरची साडेतीन किलोची रायफल काढते, नळी श्वासाबरोबर वरखाली होताना आपल्याला दिसते. नेम लागून काळा गोल पांढरा झाला की सगळं स्टँड एका सुरात ओरडतं. तेव्हापासून कोणाचा नेम चुकला तर मी एक अक्षर बोलत नाही. तीन फेऱ्या मारून परत सगळ्यांच्या पुढे जायचं म्हणजे पायात काय ताकद असेल त्या बाईच्या!

पांढरी_वाट: अजून एक राहिलं, तिची तीन ऑलिंपिक गोल्ड तीन वेगवेगळ्या संघांकडून आहेत, 1988 ला सोव्हिएत युनियन, 1992 ला देश फुटल्यावरची युनिफाइड टीम, 1994 ला लिलेहामरच्या रिलेत रशिया. खेळाडू तीच, देशच बदलत गेला, मला हे फार भिडतं. 2023 ला गेली, वय फक्त 58. पण दार्या आणि क्रिस्टिना या तिच्या मुली पण बायथलॉनमधेच आल्या, क्रिस्टिनाने 2022 ला बीजिंगमधे रिलेचं सिल्व्हर घेतलं, आईने ते बघितलं तरी.

हिमवेडा_नाशिक: मीराताई, लिंबू आणि वाटी वाचून आत्ता खरं डोक्यात शिरलं. दोघांचे मनापासून आभार. 1994 च्या रिलेचा व्हिडिओ कोणाकडे असेल तर टाका, आज रात्री बसतोच बघायला.