मदत हवी आहे : स्नायूंच्या स्लाइड घरी कशा बनवायच्या?

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत मी नववीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. सध्या प्राणी ऊती सुरू आहेत. गालाच्या आतल्या पेशी मेथिलिन ब्लू हा रंग लावून छान दिसल्या. चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या, मधोमध गडद केंद्रक. भोवती भिंत नाही, फक्त पातळ पटल, हे मुलांनी स्वतःच ओळखलं. तंतुकणिका (पेशीत ऊर्जा तयार करणारे बारीक भाग) मात्र शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, तेवढं समजावून सांगावं लागलं.

अडचण आहे स्नायूंची. पट्टकी स्नायूचा तंतू लांब, त्यात अनेक केंद्रकं आणि आडवे पट्टे. हृदयाच्या स्नायूलाही पट्टे असतात, पण त्याच्या पेशींना फाटे फुटलेले आणि काम आपल्या इच्छेबाहेरचं. हा फरक आकृती पाठ करून पोरांच्या डोक्यात बसत नाही, तो डोळ्यांनीच बघायला हवा. कोल्हापुरात ताज्या मटणाला काय तोटा! मांडीचा तुकडा, बकऱ्याचं हृदय आणि वजडी (तिच्यात अपट्टकी, म्हणजे बिनपट्ट्यांचे स्नायू मिळतात) एकाच दुकानात मिळतं.

पण सुईने तंतू सुटे केले तरी ४०० पटीला पट्टे पुसटच दिसतात. तुकडा आधी स्पिरिटमध्ये ठेवावा का? किती वेळ? की हलका उकळून घ्यावा? मेथिलिन ब्लूऐवजी दुसरं रंगद्रव्य चांगलं का? फॉर्मेलिन (ऊती टिकवायचं विषारी रसायन) मुलांच्या हाती द्यायचं नाही.

हृदयस्नायूची तयार स्लाइड शहरात कुठे मिळते, किंवा प्राणिशास्त्र शिकवणारं कुणी तासभर येऊन दाखवू शकेल का, तेही कृपया कळवा.